दासोपंतांचीं मडकीं आणि दासोपंतांची पासोडी

मराठी भाषेच्या अभिमानाची सभा भरली म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील वक्त्यास विषयाची वाण कधीं पडत नाहीं. अंबाजोगाई हाताशीं आहे. मुकुंदराजांच्या समाधीचा उल्लेख करावा, ‘विवेकसिंधू’चा परंपरागत शक १११० सांगावा, मुकुंदराज आमचे कीं आंभोऱ्याचे ह्या जुन्या वादास ओझरता स्पर्श करावा, आणि मग दासोपंतांकडे वळून ‘गीतार्णवां’तील मडक्यांचा उतारा म्हणावा, कीं टाळ्या ठरलेल्याच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून तर ह्या उताऱ्यास उसंत म्हणून नाहीं. प्रस्तुत लेखक इंग्रजीचा अध्यापक आहे. त्यास अशा सभांना बोलावतात तें बहुधा इंग्रजी शिकविणारा मनुष्यसुद्धां मराठीचा अभिमान धरतो हें दाखविण्यासाठीं. मींहि तो उतारा पुष्कळ वेळां म्हटला आहे, टाळ्याहि घेतल्या आहेत. परंतु त्या उताऱ्यांतील युक्तिवाद खरा कितपत आहे, ह्याचा विचार मात्र परवांपर्यंत केला नव्हता. तो आतां करावयाचा आहे.

उताऱ्याचा आशय थोडक्यांत असा. मराठीस तुच्छ लेखणाऱ्या संस्कृतज्ञांस उत्तर देतांना दासोपंत शास्त्रांच्या भांडारांत न जातां कुंभाराच्या आव्यापाशीं जातात. संस्कृतांत ‘घट’ म्हटला. पण घट म्हणजे कोणता? डेरा आणावयाचा, रांजण आणावयाचा, कीं सुगड? प्रत्येकाचा आकार वेगळा, उपयोग वेगळा, आणि मराठींत प्रत्येकाचें नांव वेगळें. एका मोघम शब्दानें यांतलें नेमकें कोणतें भांडें हवें तें कळत नाहीं, आणि व्यवहार अडतो. जी भाषा हवी ती वस्तु हातीं आणून देते ती हीन कशी?

मराठीच्या कैवाऱ्यांत हा आवाज अगदीं निराळा आहे. ज्ञानेश्वरांनीं मराठीच्या गोडीची पैज अमृताशीं लावली. तो कवीचा आत्मविश्वास आहे, आणि पैज जिंकण्याचें सामर्थ्य असलेल्या कवीलाच तो शोभतो. एकनाथांनीं संस्कृताच्या अभिमान्यांस प्राकृताच्या जन्माविषयीं उलट प्रश्न टाकला. तो न्यायाचा कैवार आहे. गोव्याकडे फादर स्टीफन्स यांनीं ‘क्रिस्तपुराणां’त, म्हणजे १६१६ सालीं छापलेल्या ग्रंथांत, फुलांच्या आणि रत्नांच्या उपमा देऊन मराठीचें कौतुक केलें. दासोपंत ह्याच काळांतले. पण ते गोडीविषयीं बोलत नाहींत, कुळाविषयीं बोलत नाहींत आणि रत्नेंहि काढीत नाहींत. ते विचारतात, ह्या भाषेनें काम होतें कीं नाहीं? हा प्रश्न बाजारांतला आहे, आणि म्हणूनच त्याचें उत्तर तपासून पाहतां येतें.

तपासलें म्हणजे तें जसेंच्या तसें टिकत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. संस्कृतास एकटा ‘घट’च ठाऊक आहे असें नाहीं. कुंभ, कलश, स्थाली, पिठर, उखा, कुंड, करक असे शब्द तेथेंहि आहेत. अमरकोश उघडला तर स्वयंपाकघरांतलीं भांडीं एकापाठोपाठ एक समोर येतात. यज्ञकर्म करणाऱ्यास तर प्रत्येक पात्राचें नांव आणि मान ठाऊक असावें लागे. दासोपंतांस हें माहीत नव्हतें असें म्हणवत नाहीं, कारण त्यांनीं स्वतः संस्कृतांत लिहिलें आहे. त्यांनीं प्रतिपक्षाची बाजू मुद्दाम अशक्त करून मांडली. शिवाय शब्दांच्या संख्येवरून भाषेची योग्यता ठरवावयाची म्हटली, तर ज्या वस्तूंस संस्कृतांत दहा नांवें आणि मराठींत एकच आहे त्यांची यादीहि कोणी पुढें करील, आणि मग आपणांस मुकाट्यानें खालीं बसावें लागेल.

अशीच चूक करणारा दुसरा एक गृहस्थ दासोपंतांच्याच काळांत सात समुद्रांपलीकडे होऊन गेला. दोघांचीं आयुष्यें इतकीं बरोबरीनें चाललीं कीं त्यांस शेजारीं शेजारीं ठेवण्याचा मोह आवरत नाहीं. परंपरेप्रमाणें दासोपंतांचा जन्म शके १४७३, म्हणजे १५५१ सालचा, आणि समाधि शके १५३७ ची. फ्लँडर्समधील ब्रुज शहरीं जन्मलेला सायमन स्टेव्हिन ह्याचा काळ १५४८ ते १६२०. स्टेव्हिन गणिती, यंत्रज्ञ, पाटबंधारे आणि किल्ले बांधण्याच्या विद्येंत निष्णात. त्याचीं कांहीं पुस्तकें लॅटिन आणि फ्रेंच भाषांत आहेत. पण १५८५ सालीं दशांश अपूर्णांकांवरची एक लहानशी पुस्तिका त्यानें आपल्या देशभाषेंत छापली, आणि पुढच्याच वर्षीं वजनाच्या आणि तोलाच्या शास्त्रावर मोठा ग्रंथ त्याच भाषेंत लिहून त्यास त्या भाषेच्या थोरवीवर एक प्रवचनच जोडलें. ह्या प्रवचनांत हा गणिती काय करतो? शब्द मोजतो! आमच्या भाषेंत एकाक्षरी शब्द शेकड्यांनीं आहेत, लॅटिनमध्यें आणि ग्रीकमध्यें ते थोडेच, आणि शास्त्रास थोडक्यांत बोलणारी भाषा पाहिजे, म्हणून आमची भाषा श्रेष्ठ, असा त्याचा हिशेब आहे. पानेंच्या पानें याद्या दिल्या आहेत. लॅटिनमध्यें शब्दास प्रत्यय लागून तो लांबणारच. त्यास एकाक्षरीपणाच्या मापानें मोजणें म्हणजे उंटास घोड्याचें खोगीर घालून त्याच्या पाठीस नांव ठेवण्यासारखें आहे.

एकानें मडकीं मोजलीं, दुसऱ्यानें अक्षरें मोजलीं. हे दोघेहि अडाणी नव्हते. समोरच्या विद्वन्मान्य भाषेंत दोघांनींहि ग्रंथरचना केलेली होती. आपल्या भाषेचा पक्ष घेणाऱ्या शहाण्या मनुष्याचें हें एक दुखणेंच दिसतें. ज्या तागडीनें त्यास हलकें ठरविलें तीच तागडी हातांत घेऊन तो आपलें वजन करूं लागतो.

परंतु स्टेव्हिनचा खरा युक्तिवाद त्या याद्यांत नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, शास्त्र वाढावयाचें तर निरीक्षण करणारे, मोजमाप घेणारे लोक पुष्कळ पाहिजेत; आणि मूठभर लॅटिन जाणणाऱ्यांवर विसंबून राहिलें तर ते कधींच पुष्कळ होणार नाहींत. गवंडी, खलाशी, मोजणीदार यांच्या भाषेंत शास्त्र आलें पाहिजे तें त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हे. शास्त्रासच त्यांची गरज आहे म्हणून. ह्या समजुतीनें त्यानें शब्द घडविले आणि रूढ केले. त्रिकोणास ‘तीन-कोपरा’ अशा अर्थाचा, समांतरास ‘सारख्या अंतराचा’ अशा अर्थाचा शब्द आजहि डच भाषेंत चालतो. आणि गणितास ग्रीक नांव न घेतां ‘निश्चित विद्या’ अशा अर्थाचें स्वतःचें नांव बाळगणारी युरोपांतली ही जवळजवळ एकटी भाषा असेल. १६०० सालीं लायडन येथें देशभाषेंतून गणित आणि मोजणी शिकविणारी शाळा निघाली तिचा अभ्यासक्रमहि त्याचाच.

आणि एक चित्र. तें त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच आहे. एका बाजूची उतरण दुसरीच्या दुप्पट लांब असा त्रिकोणी ठोकळा. त्यावरून चौदा सारख्या गोळ्यांची माळ घातलेली. लांब उतरणीवर चार गोळ्या, आंखूड उतरणीवर दोन, बाकीच्या आठ खालीं लोंबत आहेत. चार गोळ्या दोहोंपेक्षां जड म्हणून माळ सरकली असें धरा. सरकली तरी गोळ्यांची मांडणी पहिल्यासारखीच राहते, म्हणजे ती अखंड फिरतच राहील. आणि असें कधीं होत नाहीं. अर्थात् चार गोळ्या दोहोंस तोलून धरतात. उतरणीवरच्या वजनाचा नियम सिद्ध झाला, आणि तो पाहण्यास लॅटिन लागलें नाहीं. एकाक्षरी शब्दांच्या सर्व याद्यांपेक्षां हें एक चित्र त्याच्या भाषेच्या बाजूनें अधिक बोलतें, कारण त्याच्या शेजारचें विवेचन खलाशालाहि कळेल अशा बोलींत आहे.

दासोपंतांपाशीं अशा तोडीचें कांहीं आहे काय? आहे, आणि तें आमच्या अंबाजोगाईसच आहे. तें म्हणजे पासोडी. सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड कापडावर त्यांनीं ‘पंचीकरण’ हा आपला ग्रंथ लिहिला. सभेंत तिचा उल्लेख होतो तो आश्चर्य म्हणून. एवढें मोठें कापड, एवढें बारीक अक्षर! रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागत असे, ही आख्यायिका तिच्याबरोबर सांगितली जाते, आणि श्रोते माना डोलावतात. पण पासोडी ही नवलाची वस्तु नसून शिकविण्याची वस्तु आहे, हें कोणी सांगत नाहीं.

पंचीकरण म्हणजे काय तें पाहिलें कीं हें ध्यानांत येईल. आकाश, वायु, तेज, आप, पृथ्वी हीं पांच सूक्ष्म भूतें. प्रत्येकाचे दोन भाग करावयाचे. अर्धा भाग आपल्यापाशीं ठेवावयाचा, उरलेल्या अर्ध्याचे चार वांटे करून एकेक वांटा दुसऱ्या चौघांस द्यावयाचा. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतांत स्वतःचें अर्धें आणि दुसऱ्यांचें अष्टमांश प्रमाणानें मिळून अर्धें. मग पांचांचे पांच असे पंचवीस प्रकार देहांत दाखवावयाचे. पृथ्वीच्या वांट्यास अस्थि, मांस, त्वचा, नाडी, रोम येतात. पुढें तशाच आणखी चार ओळी. सिद्धान्त पटो वा न पटो, हा विषय मुळांत कोष्टकाचा आहे. पोथीच्या आडव्या पानांवर तो तुटतो. मागचें पान उलटावें तों पुढचें विसरतें. कापडावर तो एका नजरेंत मावतो. दासोपंतांनीं ओव्यांबरोबर आकृत्या आणि कोष्टकें मांडलीं. असें चाळीस फुटी कापड मांडीवर घेऊन एकट्यानें वाचावयाचें नसतें. तें पसरावयाचें, भोंवतीं माणसें बसवावयाचीं आणि बोट ठेवून सांगावयाचें, असें अनुमान केल्यास तें फारसें चुकणार नाहीं. पासोडी हें गोरगरिबांचें पांघरूण. वेदान्तानें पांघरण्यास तें घेतलें ही गोष्ट मला कुंभाराच्या आव्याइतकीच बोलकी वाटते. मडक्यांच्या उताऱ्यांत मराठी काय करूं शकते ह्याचें प्रतिपादन आहे. पासोडींत तिनें तें केलेलें आहे.

कवि म्हणून दासोपंतांची प्रशंसा करतांना मात्र हात आंखडता घ्यावा लागतो. ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख सांगतात, ‘ज्ञानेश्वरी’च्या नऊ हजार. अर्णव हें नांव सार्थ आहे, आणि समुद्रांत शिरणाऱ्याची जी गति ती येथें वाचकाची होते. एक दृष्टान्त पुरे असतां चार, आणि चार पुरे असतां दहा. वि. ल. भावे यांच्यासारख्या सारस्वतकारांनीं त्यांना मानाचें स्थान दिलें तरी सामान्य वाचकानें त्यांना दुरून नमस्कार केला, ह्याचा सगळा दोष वाचकाच्या माथीं मारतां येणार नाहीं. ज्ञानेश्वर एका ओवींत जें करून मोकळे होतात तें करण्यास दासोपंतांस पानभर जागा लागते. पण ह्या विस्तारांतहि एक हेतु आहे असें वाटतें. कोणीहि वाटेंत मागें राहूं नये, म्हणून ते थांबून थांबून सांगतात. चांगल्या शिक्षकाचा हा गुण ग्रंथांत उतरला म्हणजे दोष होतो. पासोडीस कापडाची मर्यादा होती. तिनें लेखकावर उपकारच केले म्हणावयाचे.

ज्या प्रदेशांतून ते आले तोहि विसरूं नये. परंपरा त्यांचें जन्मगांव नारायणपेठ सांगते. तें आतां तेलंगणांत आहे. वडील दिगंबरपंत बिदरच्या बादशाहीचे चाकर. वसुलीपोटीं मुलगा ओलीस राहिला आणि दत्तात्रेयानें दत्ताजी पाडेवार होऊन पैसे भरले, ही कथा सर्वश्रुत आहे. मराठी, कानडी, तेलुगू जेथें रोज एकमेकींच्या अंगणांत येतात आणि सरकारी कागद फारसींत चालतो, अशा मुलखांत वाढलेल्या मनुष्यास ‘हें भांडें तुमच्याकडे काय म्हणतात?’ हा प्रश्न लहानपणापासून ऐकूं येणारच. मडक्यांचा उतारा मला तेथला वाटतो.

पुढें ह्या दोन भाषांचें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. स्टेव्हिनच्या फ्लँडर्समध्यें वरच्या वर्गाची आणि विद्येची भाषा फ्रेंच झाली. १८३८ सालीं हेन्ड्रिक कॉन्शन्स यानें ‘फ्लँडर्सचा सिंह’ ही कादंबरी लिहून तेथल्या लोकांना आपल्या भाषेंत पुन्हां वाचावयास लावलें. तरी गेंटच्या विद्यापीठांत सर्व शिक्षण त्या भाषेंतून होण्यास १९३० साल उजाडावें लागलें. स्टेव्हिनच्या पुस्तिकेनंतर साडेतीनशें वर्षें झालीं म्हणा. आमच्याकडे बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि अंबाजोगाईचें नांव मोमिनाबाद होतें. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. उच्च शिक्षण देशी भाषेंतून देण्याचा तो धाडसी आणि खरोखर स्तुत्य प्रयोग होता, त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडलें होतें. परंतु ती भाषा उर्दू. आमच्या मुलांची नव्हे. माझे आजोबा मोमिनाबादेस उर्दूतून भूमिति शिकले. पाढे मराठीचे, आणि त्रिकोण अखेरपर्यंत ‘मुसल्लस’. मला शिकवतांना ते आधीं ‘मुसल्लस’ म्हणत आणि मग क्षणभर थांबून ‘त्रिकोण’. माझ्या मुलीला मी शिकवूं गेलों तेव्हां ‘त्रिकोण’ म्हणून थांबलों, आणि मग ‘ट्रँगल’ म्हटलें. तीन पिढ्यांत तो क्षणभराचा थांबा तेवढा कायम राहिला. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं झालें, तरी विज्ञानाचे वरचे वर्ग इंग्रजींतूनच चालतात; माझे पदार्थविज्ञानाचे सहकारी तास इंग्रजींत घेतात आणि तास संपल्यावर व्हरांड्यांत तोच विषय मराठींत पुन्हां सांगतात. मुलांना समजतो तो व्हरांड्यांतला.

गेल्या वर्षीं सभेंत बोलावयाचें म्हणून उताऱ्यांतलीं नांवें मीं आधीं वर्गांत वाचून दाखविलीं. साठ मुलांत रांजण सर्वांस ठाऊक, सुगड संक्रांतीमुळें मुलींस ठाऊक, डेरा दोघांस. बाकीच्या नांवांशीं मी स्वतःच अडखळलों. ज्या शब्दांनीं हवें तें भांडें हातीं येतें असें दासोपंत सांगतात, ते शब्द आतां कोशांत पाहावे लागतात. भांडीं गेलीं, त्यांच्याबरोबर नांवें गेलीं. त्यास कोणी संस्कृतज्ञ कारण झाला नाहीं, प्लास्टिकची घागर झाली. हा उतारा मराठीच्या आजच्या श्रीमंतीचा पुरावा म्हणून वाचणाऱ्यानें एकदां कुंभारवाड्यांत जाऊन यावें. मी गेलों. नवरात्राचे दिवस होते, योगेश्वरीच्या दर्शनास गर्दी होती, आणि रस्त्याच्या कडेस मडकीं मांडून एक म्हातारी बसली होती. एक बाई आली आणि म्हणाली, “मावशी, घट द्या.” म्हातारीनें न विचारतां घटस्थापनेचें बेताचें मडकें उचलून तिच्या हातीं ठेवलें.

मी चकित झालों. दासोपंतांनीं ज्याला मोघम म्हणून दोष दिला तो संस्कृत ‘घट’ मराठीच्या बाजारांत येऊन नेमका झाला होता! त्याचा आकार ठरला, तिथि ठरली, किंमतहि ठरली. रांजण, डेरा यांच्या पंक्तींत तोहि एक मराठी मडकें होऊन बसला होता. संस्कृतास नेमकेपणा नाहीं हें दासोपंतांचें म्हणणें जितकें चुकीचें, तितकेंच हेंहि खरें कीं नेमकेपणा शब्दाच्या कुळांत नसतो. देणारा आणि घेणारा रोज तोच शब्द वापरतात तेव्हां तो त्यांत येतो. कोणत्याहि भाषेंतून शब्द घेतल्यानें मराठी बाटते असें मानणाऱ्या आमच्या मंडळींनीं हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. व्हरांड्यांत काम चालतें म्हणून वर्गांत मराठी नको म्हणणाऱ्यांनीं तर अधिकच. मीं म्हातारीस विचारलें, “आजी, डेरा आहे का?” तिनें मला वरपासून खालपर्यंत पाहिलें, दोन्ही हात पसरून एवढा मोठा असें दाखविलें, आणि म्हणाली, “आतां कोन मागतंय, बाबा?”

वेच्यांच्या पुस्तकांतून मडक्यांचा उतारा काढून टाकावा असें माझें म्हणणें नाहीं. तो जोरदार आहे, आणि त्यांतला कुंभार खरा आहे. पण त्याच्या समोरच्या पानावर पासोडींतलें एखादें कोष्टक, मूळ ओव्या आणि खालीं साधा अर्थ एवढें छापावें. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास तें मराठीच्या तासाला दाखवावें आणि ह्याच रीतीनें आपल्या विषयाचें एक कोष्टक मराठींत करून आण असें सांगावें. पंचवीस घरें भरतांना त्याला कोणत्या घरीं शब्द सांपडला आणि कोणत्या घरीं अडला, तें मग वर्गांत वाचून पाहावें. मीं पुढील सत्रासाठीं पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांस तसें विचारलें आहे. त्यांनीं होय म्हटलें आहे. फक्त कापड कोण आणणार तें ठरावयाचें आहे.